ओतकाम संपलं

निकेल-क्रोमची कॅप अजून पुरती गेलेली नाही. तालुक्याच्या गावात 'डॉक्टर, स्वस्तातली बसवा' म्हणणाऱ्याच्या दाढेवर ती आजही चढते. गेलं ते तिच्यामागचं ओतकाम. चावी देऊन फिरवायचं स्प्रिंगचं कास्टिंग मशीन, गॅस-ऑक्सिजनची ज्योत आणि काळा चष्मा लावून तिच्यासमोर उभा असलेला लॅबवाला, हे सगळं एकेका लॅबमधून गुपचूप निघून गेलं. पेशंटनं ते कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे हळहळायचं काम आम्हा दंतवैद्यांकडे आलं.

दातासाठी मेण जाळून धातू ओतण्याची रीत अमेरिकेतल्या विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये रूढ केली. आपल्याकडचे मूर्ती ओतणारे ती शतकानुशतकं वापरत होतेच. टॅगार्टना ओतायचं होतं सोनं. त्याच वर्षी एलवुड हेन्स यांना कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. १९१९ मध्ये जर्मनीत, एसेनच्या क्रुप कारखान्याच्या दंतचिकित्सालयात हाउप्टमायर यांनी स्टेनलेस स्टील तोंडात आणलं. पुढे हेन्स यांच्याच घराण्यातला व्हायटॅलियम कवळीच्या सांगाड्यांसाठी आला. तो इतका निमूटपणे तोंडात टिकला, की १९३८ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या सांध्यात त्याचीच वाटी बसवली. सुचवलं होतं त्यांच्या डेंटिस्टनं! आमच्या धंद्याला असा मान क्वचित मिळतो, म्हणून सांगून ठेवतो.

कॅप मात्र सोन्याचीच राहिली. मग ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. कधीकाळी औंसाला ३५ डॉलर असलेलं सोनं जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरवर गेलं आणि लॅबवाले निकेलकडे वळले. आपल्याकडे सोन्याची कॅप हे पहिल्यापासूनच मोजक्यांचं काम. निकेल-क्रोममुळे एसटीच्या कंडक्टरची दाढही वाचू लागली.

हा धातू ओतायला मात्र महा हट्टी. सोनं वितळलं की आरशासारखं चमकतं, ओतायची वेळ झाल्याचं स्वतःच सांगतं. निकेल-क्रोमचं तसं नाही. वर ऑक्साइडची साय धरलेली असते, तिच्याआड धातू वितळला तरी तुकड्यांचा आकार सुटत नाही. उन्हात राहिलेल्या गुळाच्या खड्यांसारख्या कडा गोलावतात, तुकडे एकमेकांवर कलतात आणि त्या घडीला मशीनची खिट्टी सोडायची. चमक येण्याची वाट पाहिली तर धातू जळाला. अलीकडे सोडलं तर कॅपची कड अर्धवट भरली. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. मी ज्याच्याकडे काम पाठवायचो तो लॅबवाला तर या वेळी कुणाला बोलूही देत नसे.

साचा फोडून, सँडब्लास्ट करून कॅप हातात आली तरी सुटका नाही. आतल्या बाजूला खसखशीएवढी जरी गाठ राहिली, मेणावर साच्याचा मसाला घालताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याची, तरी कॅप दातावर पुरती बसत नाही. भिंगाखाली ती शोधायची, बारीक गोल बरनं नेमकी तेवढीच उडवायची. निवताना धातू आकसतो दोनेक टक्के. तेवढाच साचा आधी फुगावा म्हणून मसाल्यात पाणी किती आणि सिलिकाचं द्रावण किती, याचं प्रत्येकाचं आपलं गणित असे आणि ते शेजारच्या लॅबला कळू नये याची काळजीही.

या कौतुकात एक गोष्ट झाकून ठेवली जाते. ओतकाम सोपं व्हावं म्हणून काही मिश्रधातूंत दोन टक्क्यांपर्यंत बेरिलियम घालत. कॅप घासताना त्याची धूळ उडे, साचा फोडताना सिलिकाची. बेरिलियममुळे आणि सिलिकामुळे फुप्फुसं कायमची निकामी झालेले डेंटल टेक्निशियन वैद्यकीय नोंदींत आहेत. निकेलच्या अॅलर्जीची चर्चा आम्ही पेशंटपुरती खूप केली. खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात का, असं बायकांना आवर्जून विचारलं. एक्झॉस्ट नसलेल्या पोटमाळ्यावरच्या लॅबमध्ये बसलेल्या माणसाला मात्र आम्ही फक्त 'परवा ट्रायल मिळेल का' एवढंच विचारलं. त्यामुळे हे ओतकाम संपलं ते बरंच झालं, असं त्या धुळीपुरतं मी छातीठोकपणे म्हणेन.

आता स्कॅनरनं माप घेतात, मशीन झिरकोनियाच्या ठोकळ्यातून कॅप कोरून काढतं. धातू हवाच असेल तर कोबाल्ट-क्रोमच्या पावडरीवर लेझर फिरतो. कड छान बसते, नाकारण्यात अर्थ नाही. लेकीच्या लग्नाआधी जुनी कॅप काढून पांढरी घालायला बरेच जण येतात. काढायला बसलं की बर बोथट होतात इतकी ती चिवट. एक्स-रेत कडेखाली कीड नसेल, हिरडी ठीक असेल आणि दाढ मागची, फोटोत न दिसणारी असेल, तर मी 'राहू द्या' म्हणतो. निम्मे लोक ऐकतात.