मोहाची मुळी

मोहाची बी थांबत नाही. चैत्रात उघड्या फांद्यांवर फुललेलं झाड पहाटे फुलं सांडून मोकळं होतं. दोडे पिकतात मृगाच्या सुमारास, आणि बी काही आठवड्यांतच उगवायची ताकद गमावते. बाभळीची बी पोत्यात राहते, हिची नाही. वटवाघळं रात्री गर खाऊन बिया टाकतात. त्या साळिंदरांच्या आधी वेचायच्या आणि लगेच मातीत घालायच्या.

इथवर माझा हात बसलेला आहे. अडतो तो मुळीपाशी. कोंब वर दिसण्याआधीच सोटमूळ खाली धावतं. रोप पुढच्या पावसापर्यंत पिशवीत ठेवलं की मूळ तळाशी वळसे घेतं. लांब पिशव्या घेतल्या, त्यांची जागा बदलत राहिलो, तळाशी उघडे असलेले रूट ट्रेनर वापरले. ट्रेनरमध्ये हवा लागून टोक सुकतं, बाजूची मुळं फुटतात. पण ज्या एका मुळाच्या जोरावर मोह जव्हारच्या मुरमाड माळावर वैशाख काढतो, ते नंतर तितकंच खोल जातं का? माझं समाधान होत नाही.

यंदा गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून माझ्याकडे शिकणारी मुलगी बी वेचायला गेली. निम्मीच घेऊन आली. "मामा, बाकीची तिथंच टोचली, करवंदीच्या जाळीत. शेळ्या शिरत नाहीत."

सरकारी लागवडीची रीत याच्या उलट. वनमहोत्सव 1950 पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो. राज्यानं 2019 मध्ये 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट धरलं होतं. आकडा गाठायला गिरिपुष्प बरं, फांदी टोचली तरी जगतं. मोह दोन-तीन वर्षांतून एकदा भरघोस फळतो. त्याला आकड्यांची घाई सोसत नाही. शिवाय फुलं वेचता यावीत म्हणून खालचा पाला जाळतात, त्यात आपसूक उगवलेली रोपंही जातात. जुने मोह डेरेदार आहेत, पण त्यांच्याखाली पोर नाही. हे मला रोपवाटिकेतल्या कुठल्याही मरतुकीपेक्षा जास्त लागतं.

तरीही मला रोपांच्या रांगा आवडतात. पाहुणा आला की मी त्याला आधी मोहाच्या वाफ्याकडे नेतो, आणि "असा मोह कुणाकडे नाही" हे ऐकायला थांबतो. जाळीतल्या बीला रांग नाही, पाटी नाही. तिथं वाढलेलं झाड कुणाचं, हे कुणीच सांगणार नाही. ते मला सलतं. पुढच्या बहराला बीचा मोठा वाटा त्या मुलीच्या हाती देईन. एक वाफा मात्र माझ्यासाठी राखणार आहे.