उंबरठ्याबाहेरचे वाचक

ग्रंथालय म्हटले की डोळ्यांपुढे आधी कपाटे उभी राहतात. माणसे मागाहून येतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. पुढे अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि पुस्तके किती, सभासद किती, यांवर वाचनालयाची पत ठरू लागली. वसईच्या पट्ट्यातील आमचे गावचे वाचनालय याच मापाने मोजले जाते. त्याविषयी आमची तक्रार नाही. सरकारला काहीतरी मोजावे लागतेच. परंतु जो कधी सभासद झालाच नाही, त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. आमच्या गावात अशी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांत साठी ओलांडलेल्या स्त्रियाच अधिक. उमेदीची वर्षे त्यांनी पहाटेच्या गाडीने फुले-भाजी मुंबईला नेण्यात घालविली. शाळा दुसरी-तिसरीत सुटलेली. संध्याकाळी पाच ते आठ ही वाचनालयाची वेळ म्हणजे त्यांची चुलीपुढची वेळ.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी हा प्रश्न शतकापूर्वी ओळखला होता. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ज्यांना अक्षरच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी चित्रे दाखविणारा विभागही ग्रंथालय खात्यातच होता! निरक्षर मनुष्यही ग्रंथालयाचाच, असे मानणारा राजा आपल्याला लाभला होता. आपल्या ख्रिस्ती परंपरेला तरी हे कुठे नवीन आहे? फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, पण भाविकांपर्यंत ते पोहोचले कानांवाटे. चर्चमध्ये ते मोठ्याने वाचले जात असे.

म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरविले की वाचनालयानेच चार पावले चालावे. ऑक्टोबरात आळीच्या क्रूसापाशी रोझरी होते. ती आटोपली की आमची तरुण ग्रंथपाल पंधरा मिनिटे वाचून दाखवू लागली. प्रथम संतचरित्रे घेतली. श्रोत्यांनी ती आदराने ऐकली आणि आदरानेच जांभया दिल्या. मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ निघाली, आणि पंधरा मिनिटांची पाऊण तास कधी झाली ते कळले नाही. लग्नानंतर अक्षरे गिरविणारी, नवऱ्याच्या लहरी सोसून हसणारी ही बाई त्यांना आपल्याच आळीतील वाटली. ऑक्टोबर संपला तरी वाचन संपू नये, असा आग्रह त्यांनीच धरला. मग ते दर बुधवारी सुरू राहिले.

अशाच एका बुधवारी सत्तरीच्या एका आजींनी पदराची गाठ सोडून एक घडीचा कागद पुढे केला. “बाय, हेही वाचून दाखवशील का गं?” ती फेरफाराची नोटीस होती. त्यांच्या वाडीच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याच कुणाचे नाव चढायचे होते. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. त्यांपैकी अकरा दिवस तो कागद देव्हाऱ्यात पवित्र मातेच्या तसबिरीमागे पडून होता. मुलगा आखातात, सून कामावर, आणि शेजाऱ्याला दाखवावा तर घरची गोष्ट गावभर. पुस्तक वाचणाऱ्या मुलीवर मात्र त्यांचा विश्वास बसला होता. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल त्यांच्यासोबत तलाठ्याकडे गेली आणि हरकत मुदतीत नोंदली गेली. वाद अजून मिटलेला नाही, पण वाडी अजून आजींच्याच नावावर आहे.

आमच्या समितीतील काहींना हे रुचले नाही. वाचनालय म्हणजे वकिलाची कचेरी नव्हे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते अगदीच गैर नाही. ग्रंथपालाने सल्ला द्यायचा नाही, केवळ वाचायचे व कुठे जावे ते सांगायचे, अशी मर्यादा आम्ही घालून घेतली. कागदावर अंगठा उमटवायच्या आधी तो वाचून ऐकण्याचा हक्क कुणाचा हिरावला जाऊ नये, एवढे मात्र सर्वांनी मान्य केले. जमिनीचे भाव चढलेल्या या पट्ट्यात कुलमुखत्यारपत्रे किती सहजपणे पुढे सरकविली जातात, हे कुणाला निराळे सांगावयास नको.

पंचाईत झाली ती नोंदीची. बुधवारी पुस्तक दिले जात नाही, तेव्हा देवघेवीच्या रजिस्टरात काय लिहावे? तपासणीच्या वेळी या बायका दिसणार कशा? अखेरीस ग्रंथपालाने शाळकरी दोनशेपानी वही घेतली. त्यात तारीख, आळी आणि काय वाचले, एवढेच असते, नावे नसतात. गेल्या महिन्यातील नोंदी अशा आहेत: विजेचे बिल, दोनदा. नातवाचे पत्र. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची संमती. ‘स्मृतिचित्रे’, पुन्हा पहिल्यापासून.