बोर्दोच्या द्राक्षांचे गोत्र

फ्रान्सच्या नैऋत्येस गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येतात आणि पुढे जीरोंद या नावाने अटलांटिक महासागरास मिळतात. संगमाच्या थोडे अलीकडे, गारोनच्या काठी बोर्दो शहर वसले आहे. द्राक्षमद्याचा इतिहास या नगरीला वगळून लिहिता येणार नाही. मद्याची थोरवी गाणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. परंतु ज्या वेलींनी एका प्रदेशाला जगभर नाव मिळवून दिले, त्यांची कुळकथा मद्याला न शिवणाऱ्यानेही ऐकावी अशी आहे.

चिरंजीवांकडे तुलूझला गेलो असता दोन दिवस बोर्दोत राहण्याचा योग आला. आंबा समोर आला की आपण प्रथम विचारतो, हापूस की पायरी? तेथे रीत निराळी. नामांकित बाटल्यांवर मळ्याचे नाव असते, गावाचे असते, सालही असते. द्राक्षाच्या जातीचे मात्र बहुधा नसते. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून १८५५ मध्ये येथील मद्यांची जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, तीही मळ्यांच्या नावांनीच. कारण उघड आहे. येथील तांबड्या मद्यात एकच जात क्वचित असते. दोन-तीन जातींचा मेळ घालणे हीच येथली विद्या.

हा मेळ समजण्यासाठी दोन्ही तीर पाहावे लागतात. डाव्या तीरावरील मेदोक हा पट्टा एके काळी बराचसा दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून पाण्याचा निचरा केला, आणि नदीने युगानुयुगे वाहून आणलेल्या गोट्यांचे उंचवटे लागवडीस मोकळे झाले. या गोट्यांतून पाणी झटकन निथळते आणि दिवसाची ऊब टिकून राहते. येथे कॅबर्ने सोव्हिन्यों या जातीचे राज्य. मणी लहान, साल जाड, तुरटपणा भरपूर. पण पिकण्यास उशीर, म्हणून तिला ही ऊब हवीच.

उजव्या तीराकडे सेंतेमिल्यों आणि पोमरोल ही गावे. सेंतेमिल्योंच्या उतरत्या फरसबंद गल्ल्या आणि खडकात कोरून काढलेले चर्च पाहून वेशीबाहेर पडावे, तो लगेच द्राक्षवेली सुरू होतात. १९९९ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला. इकडची चिकणमाती आणि चुनखडी थंड, ओल धरून ठेवणारी. येथे लवकर पिकणारी, मऊ चवीची मेर्लो सुखाने नांदते.

या दोघींना एकत्र लावण्यात शेतकऱ्याचे शहाणपण आहे. वसंतातील अवेळी गारठा मेर्लोचा कोवळा फुटवा जाळतो. शरदातील पाऊस उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला गाठतो. एक बुडाली तर दुसरी तारते. सोबत सुगंधासाठी कॅबर्ने फ्रां आणि रंगासाठी चिमूटभर पेती व्हर्दो. फेब्रुवारी १९५६ च्या भीषण गारठ्यात असंख्य वेली मेल्या. नव्या लागवडीत मेर्लोला मोठा वाटा मिळाला आणि आज बोर्दोत सर्वाधिक लागवड तिचीच आहे.

आता गोत्राची गोष्ट. कॅबर्ने सोव्हिन्यों ही अतिप्राचीन, शुद्ध कुळीची असावी असा अनेकांचा समज होता. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून दाखवून दिले की काळी कॅबर्ने फ्रां आणि पांढरी सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून ती जन्मली. पुढे मेर्लोच्या जनकांतही कॅबर्ने फ्रांच निघाली. दोन तीरांवरच्या दोन मानकरणी अशा रीतीने सावत्र बहिणी ठरल्या!

मुळांचे तर विचारूच नये. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या बारीक किडीने मुळे पोखरून फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपायही अमेरिकेतूनच आला. तिकडच्या रानवेली ही कीड सोसत. म्हणून खुंट अमेरिकन आणि त्यावर कलम फ्रेंच, अशी सोय झाली. बोर्दोच्या जवळजवळ साऱ्या वेली आज अशाच उभ्या आहेत. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारास याचे नवल वाटणार नाही. पाण्याची टंचाई आणि क्षार यांवर उपाय म्हणून त्यानेही ‘डॉगरिज’ हा अमेरिकन खुंट स्वीकारला आहे.

या पडझडीत कार्मेनेर नावाची जुनी जात बोर्दोतून जवळजवळ नाहीशी झाली. तिला फळ नीट धरत नसे, म्हणून नव्या लागवडीत तिची कोणी आठवण ठेवली नाही. परंतु किडीपूर्वीच तिच्या काड्या समुद्रापार चिलीत गेल्या होत्या. तेथे ती मेर्लोच्या नावाने मेर्लोच्याच रांगांत वाढत राहिली. १९९४ मध्ये झां-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने तिला ओळखले. माहेरी विसरलेली लेक सासरी दुसऱ्याच नावाने नांदत होती, आणि आज चिली तिचे नाव अभिमानाने सांगते.

सध्या प्रश्न उन्हाचा आहे. हवा तापू लागल्याने मेर्लो फार लवकर पिकते, तिच्यात साखर अधिक भरते आणि मेळाचा तोल ढळतो. म्हणून २०२१ मध्ये बोर्दोत सहा जातींना नव्याने परवानगी मिळाली. त्यांत पोर्तुगालची तूरिगा नॅसिओनाल आहे, तशीच बोर्दोचीच विसरलेली कास्तेतही आहे. मर्यादा मात्र कडक : मळ्याच्या क्षेत्राचा ५ टक्के आणि मद्याच्या मिश्रणाचा १० टक्के भाग, त्याहून अधिक नाही. परक्या जाती आल्यावर बोर्दोचे बोर्दोपण उरेल काय, ही शंका स्वाभाविक आहे. पण जेथे मानाची द्राक्षे संकरातून जन्मली आणि मुळे परदेशातून आली, त्या भूमीने ही शंका पूर्वीही पचवली आहे. नव्या वेली भरात यायला काही वर्षे लागतील. दोन्ही तीरांवरचे शेतकरी वाट पाहण्यास सरावलेले आहेत.