शंभर भावांची बहीण

‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ हे वाक्य आपल्या बोलण्यात इतके रुळले आहे की, ते उच्चारताना कुरुक्षेत्राची आठवण क्वचितच कोणास होत असेल. न्यायालयात पुरावा पुढे ठेवणारा वकील ते म्हणतो, आणि हरवलेली किल्ली फडताळातून काढून दाखविणारी गृहिणीही म्हणते. वाक्याच्या मागची कथा बहुतेकांस ठाऊक असते: अर्जुनाची प्रतिज्ञा, झाकोळलेला सूर्य, निर्धास्त होऊन वर पाहणारा जयद्रथ आणि पुन्हा प्रकटलेले सूर्यबिंब. परंतु हा जयद्रथ कोणाचा पती होता, असे विचारले तर चांगले बहुश्रुत लोकही क्षणभर थांबतात. मग कोणाला तरी आठवते की, कौरवांना एक बहीण होती. तिचे नाव दुःशला.

शंभर कौरवांच्या जन्माची कथा सांगताना आपण एकशेएकाव्या घटाविषयी सहसा बोलत नाही. गांधारीच्या पोटी आलेल्या मांसगोळ्याचे भाग करून व्यास ते तुपाच्या घटांत ठेवीत होते. प्रचलित पाठात असे सांगितले आहे की, त्या वेळी गांधारीच्या मनात एक इच्छा आली. शंभर पुत्र तर होणारच. त्यांवर एक मुलगी झाली तर किती बरे होईल! तिची कारणेही मोठी घरगुती आहेत. दौहित्रामुळे लाभणारे पुण्य पतीला मिळेल, हे एक; आणि स्त्रियांना जावयाचे प्रेम काही अधिकच असते, हे दुसरे. भाग मोजून झाले तेव्हा शंभरांवर एक उरला होता. व्यासांनी तो निराळ्या घटात ठेविला, आणि गांधारीची हौस पुरी झाली. महाभारतात इतके मागून घेतलेली मुलगी विरळाच. पुढे त्याच जावयाच्या प्रेताजवळ उभी राहून ही माता काय बोलली, हे ज्याने वाचले आहे त्याला या जन्मकथेतले कौतुक सुखाने वाचवत नाही.

मागून घेतलेल्या या मुलीचे नावही सर्वस्वी तिचे असे नाही; भावांच्या यादीत एक ‘दुःशल’ आहेच. ती वाढली कशी, शंभर भावांत तिचे कोणाशी अधिक जमे, द्यूतसभेची वार्ता ऐकून तिला काय वाटले, याविषयी ग्रंथकार मौन पाळतात. योग्य वेळी धृतराष्ट्राने तिला सिंधुदेशाचा राजा जयद्रथ यास दिली, एवढे एका वाक्यात सांगून कथा पुढे जाते. मात्र तिचे नाव मधून मधून दुसऱ्यांच्या तोंडी येते, आणि ज्या ज्या ठिकाणी येते तेथे कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो.

पहिला प्रसंग वनपर्वातला. पांडव काम्यकवनात असताना जयद्रथ त्या वाटेने चालला होता, तोही विवाहाच्या इच्छेने, शाल्वदेशाकडे. घरी दुःशला असताना दुसरे लग्न करावयास निघालेल्या या राजाने वाटेत एकट्या द्रौपदीला पाहिले आणि तिला बळेच रथात घालून नेले. पांडवांनी त्याला गाठले. तो मारला जाणार यात शंका नव्हती. द्रौपदीचेही तेच मागणे होते. परंतु युधिष्ठिराने भीमाला बजाविले की, हा दुरात्मा असला तरी दुःशलेला आणि गांधारीला आठवून याला मारू नये. भीमाने त्याच्या डोक्यावर पाच शेंड्या राखून हजामत केली, त्याच्याकडून दास्य कबूल करविले, आणि मग तो सुटला. दूर सिंधुदेशातल्या एका स्त्रीचे नाव वनात उच्चारले गेले आणि तेवढ्याने तिचे कुंकू वाचले. तिला हे कधी कळले की नाही, कोण जाणे!

सुटलेल्या जयद्रथाने तप करून शंकराकडून वर मिळविला, आणि त्या वराच्या जोरावर युद्धाच्या तेराव्या दिवशी त्याने अर्जुनावाचून इतर पांडवांना व्यूहाच्या तोंडाशी अडवून धरले. आत अभिमन्यू एकटा पडला. त्या रात्री अर्जुनाची प्रतिज्ञा ऐकून जयद्रथ गांगरला व घरी परत जाऊ द्या, असे म्हणू लागला. दुर्योधनाने त्याला धीर देऊन ठेवून घेतले. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. बहिणीचा नवरा आपल्या तोंडाने ‘घरी जातो’ म्हणतो, आणि भाऊच त्याला थांबवितो. वनात ज्यांना शत्रू म्हणावयाचे त्यांना दुःशलेची आठवण झाली. शिबिरात सख्ख्या भावाला ती झाल्याचे कोठे दिसत नाही.

स्त्रीपर्वात आपल्याला दुःशला प्रथमच डोळ्यांना दिसते. रणभूमीवर गांधारी कृष्णाला एकेक प्रेत दाखवीत चालली आहे. जयद्रथाचे शिर अर्जुनाच्या बाणांनी दूर त्याच्या तप करणाऱ्या पित्याच्या मांडीवर नेऊन टाकलेले. धड तेवढे येथे. दुःशला नवऱ्याचे मस्तक शोधीत इकडून तिकडे धावते आहे, पांडवांना दूषणे देते आहे, स्वतःचा घात करू पाहते आहे. गांधारी तिच्याकडे बोट दाखविते आणि एक प्रश्न विचारते: द्रौपदीला पळविले त्याच दिवशी हा वधास पात्र होता; त्या वेळी दुःशलेचा मान राखून यांनी त्याला सोडले; मग आज तिचा मान का राखला नाही? या प्रश्नाला कृष्णाने उत्तर दिलेले नाही. त्याला उत्तर नव्हते असे नाही. अभिमन्यूचे प्रेत आणि उत्तरेचे वैधव्य हेच त्याचे उत्तर होते. पण ते उत्तर खरे असूनही गांधारीचा प्रश्न खोटा ठरत नाही.

आमच्या नात्यात दोन भावांचा वाड्याच्या वाटणीवरून दावा चालला होता. तो इतकी वर्षे चालला की, दाव्याच्या प्रारंभी रांगणारी मुले शेवटी पुकाऱ्याच्या वेळी हजर राहू लागली. त्या दोघांची एक बहीण होती. वादी-प्रतिवादींच्या नावांत तिचे नाव नव्हते. वाड्यात तिला वाटा मागावयाचा नव्हता. भाऊबीजेला ती सकाळी थोरल्याकडे ओवाळी आणि संध्याकाळी धाकट्याकडे, आणि एका घरचा शब्द दुसऱ्या घरी नेत नसे. कोणत्याही दिवशी निकाल लागला तरी तिची एक ओवाळणी कायमची चुकणार होती. लहानपणी मला तिच्या अबोलपणाचे नवल वाटे. दुःशलेची कथा वाचताना मला ती हटकून आठवते. भांडणाऱ्यांना निदान आपली बाजू असते. जिला दोन्ही बाजू आपल्या, तिने कोठे उभे राहावे?

या प्रश्नाचे दुःशलेने दिलेले उत्तर आश्वमेधिक पर्वात आहे. युधिष्ठिराच्या अश्वमेधाचा घोडा फिरत फिरत सिंधुदेशात आला. जयद्रथाच्या वधाचे शल्य बाळगणारे सैंधव अर्जुनावर तुटून पडले. त्यांच्या बाणवर्षावात मोह पडून एकदा गांडीव अर्जुनाच्या हातातून गळालेही; मग सावरून त्याने त्यांचा संहार आरंभिला. इतक्यात रथातून एक स्त्री आली. मांडीवर लहान मूल होते. ती दुःशला होती. तिला रडताना पाहून अर्जुनाने धनुष्य खाली ठेविले. मघा ते मोहाने गळाले होते, आता त्याने ते आपण होऊन ठेविले.

महाभारतात दुःशलेचे शब्द आपल्याला ऐकू येतात ते येथे. तुझ्या भाच्याचा हा मुलगा तुला वंदन करतो आहे, असे ती म्हणते. याचा बाप कोठे आहे, असे अर्जुन विचारतो. तेव्हा ती सांगते की, पित्याच्या मरणाने आधीच पोळलेला तिचा सुरथ, अर्जुन घोड्यामागून येत आहे एवढे ऐकूनच कोसळला आणि गतप्राण झाला. बाणही न लागता अर्जुनाच्या हातून तिचा मुलगा गेला होता. तरीही ती दूषण देत नाही. अभिमन्यूपासून जसा परीक्षित, तसा सुरथापासून हा माझा नातू, असे सांगून ती सर्व योद्ध्यांसाठी शांती मागते. दुर्योधनाला विसर, त्या मंदबुद्धी जयद्रथाला विसर, आणि या मुलाकडे पाहा, असे तिचे म्हणणे आहे.

परीक्षिताचे नाव तिने घ्यावे, यात तिची सारी योग्यता दिसते. ज्या अभिमन्यूच्या मरणास तिचा पती कारण झाला, त्याच्या मुलाला ती आपल्या नातवाच्या शेजारी बसविते. दोन्ही घरांत आता एकेक बाळच उरले आहे, हे अर्जुनाला ज्ञानाच्या शब्दांनी कोणी सांगितले असते तर ते त्याला पटले असतेच असे नाही. मूल समोर धरल्यावर वाद उरला नाही. अर्जुनाने राज्यलोभी दुर्योधनाचा आणि त्या क्षात्रधर्माचाही धिक्कार केला, बहिणीला जवळ घेतले व घरी पाठविले. दुःशलेने आपल्या योद्ध्यांना युद्धापासून परतविले.

गांधारीने विचारलेला प्रश्न दुःशलेने पुन्हा विचारला नाही. पुढच्या वेळी आपली आठवण कोणाला होईल याची वाट पाहत ती बसली असती, तर तो नातूही राहिला नसता. म्हणून ज्याच्या धाकाने मुलाने प्राण सोडला, त्याच्यासमोर तिला स्वतः जावे लागले. जयद्रथावरून पडलेली म्हण आपल्या घराघरांत अजून चालते. तिच्या नावावरून कोणतीच म्हण पडलेली नाही. पण ती येऊन गेल्यावर सिंधुदेशात पुढचे शव पडले नाही, आणि घोडा आपल्या वाटेने निघून गेला.