गैरहजरांचा हिशेब

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. संगणकावरील कामें सुरळीत चाललीं आहेत कीं नाहींत, यावर अहोरात्र पहारा ठेवणारें सॉफ्टवेअर त्याची पुण्यांतील मंडळी तयार करतात. "सर, आपण तें वापरलें आहे. त्यांत काय सुधारणा कराव्या, तें कळवावें," असें त्यानें लिहिलें होतें. शेक्सपिअर शिकविणाऱ्याला हा प्रश्न! मला हंसूं आलें. पण लगेच पहूर आठवलें, आणि हंसूं मावळलें.

दोन वर्षांपूर्वीं महाविद्यालयाच्या प्रवेश-समितीचा मी प्रमुख होतों. अर्ज ऑनलाइन भरावयाचे होते. शेवटच्या दिवशीं माझ्यापुढील पडद्यावर हिरवी रेघ झळकत होती: सरासरी विलंब एक सेकंद. इतक्यांत पहूरहून एका मुलीचा फोन आला. "सर, अर्ज भरलाय, पण तो जातच नाही." मीं पडद्याकडे पाहून मोठ्या खात्रीनें सांगितलें, "येथें सर्व ठीक आहे, बाळ. तुझ्याच फोनमध्यें दोष असेल." मुदत संपली. तिचें वर्ष गेलें.

पुढें अजिंठ्याला जातांना मी पहूरला उतरलों. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचा चालक म्हणाला, "ती एकटीच नव्हती, सर. पाच-सहा पोरं संध्याकाळपर्यंत इथंच बसून होती."

तेव्हां मला तो हिशेब उमगला. शंभरांपैकीं पंचाण्णव जणांचें काम एका सेकंदांत झालें आणि पांच जणांना साठ सेकंद लागले, तर सरासरी येते जवळजवळ चार सेकंद. चार सेकंद थांबलेला माणूस त्या शंभरांत एकही नसतो! शिवाय त्या पांच जणांचे अर्ज सर्व्हरपर्यंत पोंचलेच नाहींत, तर सरासरी एकावर येते. गांजलेलीं माणसें उठून गेलीं कीं आलेख सुधारतो.

पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० सालीं बंद पडली. ती चालू होती तेव्हां पहूर स्टेशनांतून ती केव्हां सुटली, एवढें दप्तरांत येई; धापा टाकीत येऊन रिकामे रूळ पाहणाऱ्या उतारूला रकाना नव्हता.

या शास्त्राला अगदींच आंधळें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१० मध्यें गूगलच्या अभियंत्यांनीं 'डॅपर' या आपल्या पद्धतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एकच विनंती अनेक यंत्रांतून फिरतांना कोठें रेंगाळली, याचा माग ती काढते. सर्वांत मंद पांच टक्क्यांचा आंकडाही आजचें सॉफ्टवेअर देतें. पण आमच्या पडद्यावर तो आंकडा चार पानें आंत दडला होता. सरासरी मात्र दारांतच उभी.

म्हणून मीं तीन सूचना लिहिल्या. पहिल्या पानावर सर्वांत मागें राहिलेल्यांचा आंकडा असावा. ज्यांनीं अर्ज उघडला पण पुरा केला नाहीं, त्यांची मोजदाद गांववार व्हावी. नेटवर्क नसेल तेव्हां फोननें ती अडचण जपून ठेवावी आणि नेटवर्क येतांच कळवावी. तसेंच फोनवर आलेली तक्रार त्याच आलेखावर टिपण्याची सोय असावी, असें ताजा कलम जोडलें.

ती मुलगी आतां माझ्या वर्गांत आहे. रोज हजेरी घेतांना तिचें नांव येतें आणि मी क्षणभर थांबतों. तिची क्षमा अजून मागितलेली नाहीं. हातांतल्या त्या जुन्या हजेरीपटांत एक गुण आहे: न आलेल्याचेंही नांव त्यांत आधींच लिहिलेलें असतें.