पाहुण्याचा धर्म

थंड हवेच्या ठिकाणांविषयी आम्हां शहरवासीयांची एक दृढ समजूत असते. ती ही की, ती आपल्याकरिताच निर्माण झाली आहेत. इतिहासानेही तिला खतपाणी घातले आहे. १८२८ साली माल्कमसाहेबाने महाबळेश्वरी वसाहत केली, १८५० साली मॅलेटसाहेबाने माथेरान हेरले. त्या डोंगरांवर पूर्वीही माणसे राहात होती. पण 'शोध' मात्र साहेबांनीच लावला, असे आपण लिहीत आलो.

तोरणमाळास ही समजूत मला बोचू लागली. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर हे गाव आहे. महाशिवरात्रीस गोरक्षनाथाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूस हा डोंगर देवाचे घर वाटतो. आम्हांस तो भाड्याचा बंगला वाटतो. यशवंत तलावाची शोभा मी वाखाणीत असता ज्यांच्या घरी उतरलो होतो ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "भाऊ, पाणी केवढे पसरले आहे ते तुम्ही पाहता, जेठापर्यंत पुरेल का, ते आम्ही पाहतो."

म्हणून पाहुण्यांनी येऊच नये काय? तसेही नव्हे. या तालुक्यातील कित्येक भिल्ल व पावरा कुटुंबे पावसाळी पीक हाती येताच मजुरीसाठी गुजरातेकडे जातात. मुलांची शाळा मागे राहते. पाहुण्याच्या पैशाने एक चूल जरी हिवाळाभर घरीच पेटती राहिली, तरी ते पुण्यच होय. प्रश्न आहे तो पैशाच्या वाटेचा. शहरी भांडवलाने हॉटेल उभारावे आणि डोंगराच्या लेकराने त्याच्या दारात पहारा करावा, यास उन्नती म्हणवत नाही. त्याच्याच घरची खोली, त्याच्याच चुलीवरची भाकरी, त्याच्याच अंगणात वाळलेला आमचूर यांचे मोल त्याच्या हाती पडले पाहिजे.

अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस १९९६ च्या कायद्याने अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वन राखण्याचा सामूहिक हक्कही मान्य केला. तेव्हा पाहुणे किती घ्यावे, पाणी कोणास किती द्यावे, कचरा कोणी खाली न्यावा, हे तिनेच ठरवावे. माथेरानने मोटारगाडी वेशीबाहेर थांबविली. म्हणून काही तेथील पाहुणे आटले नाहीत.

अतिथीस देव मानावे, अशी यजमानास शिकवण आहे. परंतु देवानेही भक्ताचे रांजण रिते करू नयेत, एवढी मर्यादा त्याने पाळावयास नको काय?