ओवेनकॅरोचा पूल आणि वारा

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे वडील वा आजोबा जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत होते, आणि नेरळहून माथेरानला चढणारी दोन फुटी रुळांची गाडी तर अनेकांनी पाहिली आहे. म्हणून येथे आयर्लंडमध्ये शाळेतील मुलांसह अरुंद रेल्वेच्या पुलाची प्रतिकृती करताना आम्हांस जे दिसले, ते या पत्रिकेत लिहिणे अस्थानी ठरू नये.

या देशातील मुख्य रेल्वेमार्ग 5 फूट 3 इंच रुंदीचे. पश्चिमेच्या गरीब, खडकाळ मुलुखात मात्र खर्च वाचावा म्हणून 3 फुटी रूळ घातले गेले. मुलांना हवा होता अमेरिकेतल्यासारखा लाकडी घोड्यांवर उभा असलेला पूल. तो करणे सोपे. कागदावर एका घोड्याचे चित्र काढावे, त्यावर काड्या टाचण्यांनी बसवून गोंद लावावा, आणि त्याच चित्रावर हवे तितके घोडे जोडून घ्यावेत. परंतु ज्या मुलुखात झाडेच विरळ, तेथे एवढे लाकूड कोठून येणार? तेथील पूल दगडी खांबांचे व लोखंडी तुळयांचे. म्हणून आम्ही डोनेगॉलमधील ओवेनकॅरोचा पूल निवडला.

लेटरकेनीहून बर्टनपोर्टला जाणारा हा मार्ग 1903 साली सुरू झाला. पुलाची लांबी सुमारे 380 यार्ड. एका फुटास साडेपाच मिलिमीटर हे प्रमाण धरले की 3 फुटी रूळ साडेसोळा मिलिमीटरांचा होतो, आणि त्या मापाचे खेळण्यातले रूळ दुकानात तयार मिळतात. त्याच प्रमाणात पूल मात्र सव्वासहा मीटरांचा होऊ लागला! तेव्हा काही गाळेच करावयाचे ठरले. खांबाचा गाभा पुठ्ठ्याचा. त्यावर प्लास्टर, आणि ते ओले असतानाच बोथट सुईने दगडांचे सांधे कोरलेले. खांब पायाशी रुंद व वर निमुळता ठेवावा लागतो, नाहीतर तो गिरणीच्या धुराड्यासारखा दिसतो.

30 जानेवारी 1925 च्या रात्री या पुलावर गाडी असताना वादळी वाऱ्याने डबे रुळांवरून उडवले. एका डब्याचे छत फाटून उतारू खालच्या खडकांवर फेकले गेले. चार जण मृत्यू पावले. डबे हलके, रूळ अरुंद आणि दरी उघडी.

हे सांगितल्यावर एका मुलीने आमच्या पुलावरच्या डब्यावर फुंकर मारली. डबा कलंडला. वर्ग हसला, आणि आम्ही फळ्याकडे वळलो. आमची प्रतिकृती सुमारे 55 पट लहान. वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ 55 गुणिले 55, म्हणजे 3,025 पट घटते. वजन मात्र आणखी एकदा 55 ने, म्हणजे 1,66,375 पट. तेव्हा छोटा डबा वाऱ्यापुढे खऱ्या डब्याहून 55 पट दुबळा. प्रतिकृती करणारे डब्यांत शिशाचे तुकडे ठेवतात, ते गाडी रुळांवर नीट बसावी म्हणून. क्लेअर परगण्यातील क्विल्टी स्थानकावर 1909 साली वायुवेगमापक बसवला गेला, तेव्हा तेथेही हाच उपाय होता: वारा ताशी 60 मैलांवर गेला की डब्यांत वजने ठेवावयाची, आणि 80 च्या पुढे गाडीच थांबवावयाची. त्रैराशिकाच्या कोणत्याही पाठात मुले इतकी गढून गेलेली आम्ही पाहिली नव्हती.

मग वाद निघाला. काही मुलांना डबे दरीत लोंबकळताना दाखवावयाचे होते. आमचे मत स्पष्ट होते: ज्या गावांत त्या उतारूंचे नातलग आजही असतील, तेथील प्रदर्शनात तो देखावा नको. एका मुलाने विचारले, “मग त्या चौघांचे काय?” प्रश्न रास्त होता. मार्गाचा तो भाग 1940 च्या दशकात बंद झाला, तुळया गेल्या. दगडी खांब आजही दरीत उभे आहेत. म्हणून आम्ही मेजाच्या अर्ध्या भागात तुळया बसवल्या, आणि उरलेल्या अर्ध्यात नुसते खांब ठेवले. गाडी मध्यापर्यंत येते व परत फिरते. बाजूच्या पाटीवर तारीख व मृतांची संख्या एवढेच लिहिले आहे. पाटी कोणी लिहावी यावरून पुन्हा भांडण झाले. शेवटी ज्याचे अक्षर सर्वांत वाईट, पण ज्याने तो प्रश्न विचारला होता, त्यालाच ती दिली.